मास्टर ट्रेनर नेमताना आणि नेमल्यावर घ्यावयाची काळजी

पुण्यात होणाऱ्या प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी, म्हणजे इतरांना शिकवणारे मास्टर ट्रेनर घडवण्यासाठी, दोन नावं कळवा, असं पत्र कार्यालयात आलं की पहिलं पथ्य पाळा. ज्याला शिकवता येतं, त्याचं नाव चुकूनही कळवू नका. त्याच्यावाचून टेबल अडतं, साहेब विचारतील, आणि पाच दिवस त्याची कामं दुसऱ्या कुणाला करावी लागतील. नाव कळवायचं ते नुकतीच बदली होऊन आलेल्याचं, म्हणजे ज्याला अजून टेबल मिळालेलं नाही त्याचं. तसा कुणी नसेल तर निवृत्तीला आठ महिने उरलेल्याचं. तोही नसेल तर ज्याचा मुलगा पुण्यात शिकतो त्याचं. तो स्वतःच मागणी करतो, शिवाय नकार देत नाही. पत्रात ‘प्रशिक्षणाची आवड व किमान तीन वर्षे सेवा शिल्लक असावी’ अशी काही अट दिसली तर घाबरू नका, ती वाचण्यासाठी नसते. आदल्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला कार्यमुक्तीचा आदेश काढा. त्यामुळे माणूस रात्रीच्या एसटीने जातो आणि पहिला दिवस झोपेत काढतो. हा एक दिवस नीट साधला तर पुढचे चार आपोआप साधतात.

कारण अभ्यासक्रम मुळात वाईट नाही, हीच अडचण आहे. केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने ब्रिटनच्या थेम्स व्हॅली विद्यापीठाच्या साह्याने बसवलेला ‘डायरेक्ट ट्रेनर स्किल्स’ हा पाच दिवसांचा कार्यक्रम तर चांगलाच धोकादायक आहे. त्यात प्रशिक्षणार्थ्याला स्वतः उभं राहून सत्र घ्यावं लागतं आणि बाकीचे समोर बसून त्यावर अभिप्राय देतात. सत्राआधी समोरच्यांना काय येतं हे तपासायला सांगतात. उद्दिष्ट लिहायला लावतात आणि त्यात तीन गोष्टी मागतात: माणूस शेवटी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत, आणि किती बिनचूक. लक्ष दिलं तर पाच दिवसांत माणसाला शिकवता येऊ लागतं, आणि असा माणूस परत आला की कार्यालयात नसते प्रश्न विचारतो.

यावरचा उपाय उद्दिष्टातच आहे. उद्दिष्ट नेहमी असं लिहा: ‘प्रशिक्षणार्थी मतदान प्रक्रियेशी अवगत होतील.’ ‘त्यांच्यात जाणीव निर्माण होईल’ हेही चालतं. ‘सर्वंकष दृष्टिकोन विकसित होईल’ तर उत्तमच. यातलं काहीही मोजता येत नाही, त्यामुळे काहीही फसत नाही. याउलट कुणी लिहिलं, ‘मतदान यंत्रं समोर ठेवली असता मतदान केंद्राचे केंद्राध्यक्ष 50 मतांचं अभिरूप (म्हणजे चाचणीचं) मतदान घेतील, निकाल चिठ्ठ्यांशी ताडून पाहतील, यंत्र क्लिअर करून एकूण मतं शून्य दाखवतील’, तर संपलंच. संध्याकाळी कुणीही येऊन विचारू शकतो, तीनशेपैकी किती जणांना जमलं? असा कागद टिपणीला जोडू नका.

आता मुख्य कामाकडे या. मास्टर ट्रेनरचं खरं चीज निवडणुकीत होतं. लोकसभा-विधानसभेचा कार्यक्रम लागला की केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी 1, 2, 3 अशी सगळी फौज तुमच्यापुढे आणून बसवली जाते. जागा म्हणून नाट्यगृह किंवा मंगल कार्यालय घ्या. छोट्या तुकड्या, वर्गखोल्या, दर खोलीत यंत्रांचा एक संच, असं कुणी सुचवलं तर ‘मनुष्यबळ उपलब्ध नाही’ असा शेरा मारा. तीनशे माणसं एका सभागृहात, व्यासपीठावर दोन संच, वेळ तीन तास. हे गणित एकदा करून ठेवा, उपयोगी पडतं. सगळे तीन तास यंत्रांनाच दिले, तरी माणशी 72 सेकंद येतात. त्यातून दीपप्रज्वलन, स्वागत, रोपटी देऊन सत्कार आणि मान्यवरांची मनोगतं यांना 40 मिनिटं द्या. चहाला 20. मग सव्वा तास तुमचं व्याख्यान. उरतात 45 मिनिटं, म्हणजे माणशी 18 सेकंद. मताची चिठ्ठी छापणारं यंत्र म्हणजे व्हीव्हीपॅट; त्याच्या काचेमागे चिठ्ठी 7 सेकंद दिसते. म्हणजे प्रत्येकाने पुढे यावं, निळं बटण दाबावं, चिठ्ठी बघावी, शिट्टी ऐकावी आणि खाली उतरावं, एवढं बरोबर बसतं. याला अहवालात ‘प्रत्यक्ष हाताळणी’ म्हणायचं.

यात एक धोका आहे. समोर बसलेल्यांत बरेच जण जिल्हा परिषदेचे शिक्षक असतात. ही माणसं डी.एड. झालेली, पाठ टाचण काढणारी, चाळीस पोरांचे गट पाडून शिकवणारी. एका वर्गात दोन इयत्ता सांभाळायची त्यांना सवय असते. शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेले लोक खाली बसवायचे आणि न घेतलेल्याने वरून बोलायचं, ही मांडणी काहीही झालं तरी बदलू नका. एखाद्या गुरुजींनी हात वर करून ‘साहेब, दहा-दहाचे गट करून यंत्र मधे ठेवलं तर?’ असं विचारलं, तर ‘शंका शेवटी घेऊ’ म्हणा. शेवट येत नाही, कारण जेवणाची वेळ होते.

स्लाइड स्वतः बनवू नका. हस्तपुस्तिकेच्या पीडीएफचं पान जसंच्या तसं पडद्यावर चिकटवा. अक्षर शेवटून तिसऱ्या रांगेला दिसलं नाही पाहिजे. दिसलं तर माणसं तुमच्या आधी वाचून मोकळी होतात. मग तेच पान मोठ्याने वाचा. मधूनमधून ‘मागे दिसतंय ना?’ असं विचारा आणि उत्तराची वाट बघू नका. मागच्या निवडणुकीच्या स्लाइड चालतात. जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या असतात, तिथे व्हीव्हीपॅट नसतं आणि एकाच मतदाराला एकाहून जास्त मतं द्यायची असू शकतात, वगैरे फरक काढत बसलात तर नवीन स्लाइड कराव्या लागतील.

काय शिकवायचं यापेक्षा काय शिकवायचं नाही, याला महत्त्व आहे. जिथे चुका होतात त्या जागा मोजक्या आहेत. त्या टाळून बोलता आलं पाहिजे.

पहिली जागा जोडणीची. बॅलट युनिटची (मतदार बटण दाबतो त्या यंत्राची) केबल व्हीव्हीपॅटला आणि व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला (मतं साठवणाऱ्या यंत्राला), तीही कंट्रोल युनिट बंद असताना. व्हीव्हीपॅटच्या मागे कागदाच्या रोलचा एक खटका असतो, तो वाहतुकीत आडवा आणि कामाला उभा. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं आणि एकदा स्वतः फिरवलं की माणूस विसरत नाही, म्हणून फिरवायला देऊ नका. ‘यंत्र खिडकीच्या उजेडात किंवा दिव्याखाली ठेवू नये’ हे वाक्य फार पटकन वाचा. मतदानाच्या दिवशी ते नेमकं खिडकीशी ठेवलं जातं, कारण शाळेच्या खोलीत प्लगही तिथेच असतो असा लोकांचा समज असतो. यंत्र स्वतःच्या बॅटरीवर चालतं हेही तुम्ही सांगितलेलं नसतं.

दुसरी आणि खरी जागा म्हणजे अभिरूप मतदान संपल्यावरची पाच मिनिटं. मतदान सात वाजता असेल तर नव्वद मिनिटं आधी, साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकायची, नोटासकट प्रत्येकाला निदान एक. मग कंट्रोल युनिटवरचं क्लोज बटण, मग रिझल्ट, आकडे चिठ्ठ्यांशी जुळवायचे, मग क्लिअर. क्रम हाच, क्लोज केल्याशिवाय रिझल्ट दिसत नाही आणि रिझल्ट बघितल्याशिवाय क्लिअर होत नाही. त्यानंतर पेटीतल्या चिठ्ठ्या काढायच्या, मागे शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करायच्या, रिकामी पेटी सगळ्यांना दाखवायची. केंद्राध्यक्षाने पहाटे चारला उठून, डास मारत काढलेल्या रात्रीनंतर, बाहेर रांग लागलेली असताना हे सगळं करायचं असतं. हाताला वळण असेल तरच ते होतं. क्लिअर राहिलं तर दुपारी मतदारांच्या 17-अ नोंदवहीत 212 मतदार आणि यंत्रावर 262 मतं असा हिशेब लागतो. क्लिअर केलं पण चिठ्ठ्या पेटीतच राहिल्या, तर यंत्र बरोबर आणि पेटी चूक. संध्याकाळी शेवटचा मतदार गेल्यावर क्लोज दाबायचं राहिलं, तर मतमोजणीच्या टेबलावर यंत्र निकालच दाखवत नाही, आणि 17-सी नमुना (मतांच्या हिशेबाचा), फोन, पळापळ यांत त्या केंद्राची फेरी लटकते.

या तीनही चुका टाळायचा एकच मार्ग आहे: प्रत्येक केंद्राध्यक्षाने संपूर्ण फेरी एकदा तरी स्वतःच्या हाताने करणं आणि शेजाऱ्याने ती चुकते का ते बघणं. चिठ्ठीला 7 सेकंद, वर मत नोंदवायला थोडा वेळ, म्हणजे नुसती 50 मतं टाकायलाच दहा मिनिटांवर लागतात. जोडणी, मोजणी, मोहोर धरून पाऊण तास. तुमच्या नाट्यगृहात ते शक्य नाही, आणि म्हणूनच नाट्यगृह. तुम्ही फक्त ‘सीआरसी करायला विसरू नका’ (म्हणजे क्लोज, रिझल्ट, क्लिअर) असं तीनदा, दर वेळी वरच्या पट्टीत सांगा. चौथ्या वेळी सभागृहाकडूनच वदवून घ्या. ‘सी! आर! सी!’ असा एकसुरी घोष झाला की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाका.

घरबसल्या शिकायची सोयही आता झाली आहे. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या मिशन कर्मयोगीला मंजुरी दिल्यापासून त्याच्या आयगॉट या ऑनलाइन पोर्टलवर अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रं आहेत. व्हिडिओचा आवाज बंद करून दुसऱ्या टॅबमध्ये आवक-जावक नोंदवत बसावं. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं कार्यालयाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच. याबद्दल अधिक काय सांगायचं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं जमतं.

मूल्यमापन मात्र विसरू नका. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 पासून प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: लोकांना ते आवडलं का, ते काही शिकले का, कामात काही बदल झाला का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. आपण पहिल्या पायरीवर बसकण मारायची. प्रश्नावली प्रवास भत्त्याच्या अर्जासोबत, निघायच्या दहा मिनिटं आधी वाटा. भोजन, निवास, सभागृह, व्याख्याते, आणि समोर ‘उत्कृष्ट’, ‘अतिउत्तम’, ‘उत्तम’ एवढेच रकाने ठेवा. प्रश्नावली दिल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, हे आधी जाहीर करा. पनीर बरं झालं असेल तर प्रशिक्षण उत्कृष्ट ठरतं. तीन महिन्यांनी एखाद्याच्या टेबलापाशी जाऊन बघणं हे तिसऱ्या पायरीचं काम. तोवर त्याची बदली झालेली असते, निदान तुमची तरी.

2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात वेतनाच्या तरतुदीपैकी निदान अडीच टक्के रक्कम फक्त प्रशिक्षणासाठी ठेवा, असं म्हटलं आहे. मार्चअखेर हे कुणाच्या तरी लक्षात येतं. मग एका आठवड्यात ‘ताणतणाव व्यवस्थापन’ या विषयावर तीन कार्यशाळा घ्या. फोल्डर, पेन, बॅग मागवा. बॅगेवर वर्ष छापू नका, पुढे वापरता येते.

हजेरीपट सर्वांत जपा. सकाळी एक सही आणि दुपारी जेवणानंतर दुसरी सही घ्या. गैरहजर असलेल्यांना त्याच दिवशी कारणे दाखवा नोटीस काढा. प्रशिक्षणातलं हे एकच काम वेळेत होतं. मतदानाच्या दिवशी सहा वाजता क्षेत्रीय अधिकाऱ्याचा फोन येईल की अमुक केंद्रावर यंत्र लाल दिवा दाखवतंय, केंद्राध्यक्ष म्हणतात आम्हाला खटक्याचं कुणी सांगितलंच नाही. तेव्हा आवाज चढवू नका. हजेरीपटाच्या त्या पानाचा फोटो आधीच मोबाइलमध्ये काढून ठेवलेला असावा, तो पाठवा.