हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवू नका, आणि दिसेल ते कार्ड लावू नका

‘जुना 386-486 पीसी पाचशे रुपयांत जिवंत करा’ असा एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यातला सल्ला असा: बंद पडलेली हार्ड डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी डेटा काढा. मग डिस्कच्या जागी कन्व्हर्टरवर कुठलंही मेमरी कार्ड लावा, जितकं मोठं तितकं चांगलं. मशीन दहापट पळेल, कार्डात फिरणारा भाग नसल्यामुळे बॅकअपची गरज नाही, आणि जुनी डिस्क भंगारात द्या. काल हा मेसेज मामांपर्यंत पोचला. त्यांच्या 386 वर जिस्ट कार्डावर (पीसीवर मराठी उमटवणाऱ्या कार्डावर) टाइप केलेला दिवाळी अंकांचा मजकूर आहे, आणि ‘करून बघू का रे?’ असं ते विचारताहेत. नाही मामा, अजिबात नाही.

आधी फ्रीजर. जुन्या डिस्कला बारीक श्वासछिद्र असतं, म्हणजे आतली हवा आपल्या खोलीतलीच असते. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात दवबिंदू 24-25 अंशांच्या आसपास असतो आणि फ्रीजर उणे 18 वर. डिस्क थंड होताना आतल्याच हवेतली वाफ तबकड्यांवर गोठते, आणि बाहेर काढून चालू केली की बाहेरची दमट हवा त्यात भर घालते. पिशवीने आतली वाफ थांबत नाही. तबकडीपासून मायक्रॉनच्या अंशाएवढ्या अंतरावर तरंगणारं, वाचणारं-लिहिणारं हेड त्या थेंबावर आपटलं, की चुंबकीय थर खरवडला जातो. तो डेटा मग कुणालाच परत आणता येत नाही. सीगेटची जुनी मॅन्युअलं उघडून पाहा: तापमान तासाला किती अंशांपेक्षा जास्त बदलू नये याची मर्यादा दिलेली असते आणि आर्द्रतेपुढे ‘दव साचता कामा नये’ ही अट असते. बनवणाऱ्यानेच हे लिहून ठेवलंय, यापुढे वाद कशाला?

थंड केल्यावर एखादी डिस्क थोडा वेळ चालल्याची उदाहरणं आहेत, हे मान्य. बोर्डावरची तापून बिघडणारी चिप गार झाली की असं होतं. पण मग चिपवर छोटा पंखा सोडा, सगळी डिस्क कशाला गोठवायची? मोटर गुणगुणते पण तबकडी फिरत नाही, असं असेल तर हेड तबकडीला चिकटलेलं असतं. डिस्क सपाट धरून तिच्या अक्षाभोवती मनगटाने एक-दोन झटके द्या आणि लगेच चालू करा. सुरू झाली तर पूर्ण कॉपी होईपर्यंत बंद करू नका.

पण त्याही आधी बॅटरी बघा! 386 च्या मदरबोर्डावर बहुधा 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती संपली की बायोस (मशीन चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) डिस्कचा प्रकार विसरतो, आणि ठणठणीत डिस्क ‘गेली’ म्हणून बाजूला पडते. बॅटरी गळली असेल तर कापून काढा, हिरवट डाग व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सेटअपमध्ये डिस्कवर छापलेले सिलिंडर, हेड आणि सेक्टर यांचे आकडे (डिस्कची भूमिती) टाइप 47 मध्ये, म्हणजे बहुधा स्वतः आकडे भरायच्या प्रकारात, भरा. अनेकदा इथेच काम संपतं.

डिस्क वाचली जात असेल तर आधी तिची इमेज, म्हणजे सगळ्या सेक्टरांची हुबेहूब प्रत, घ्या. बहुतेक यूएसबी कन्व्हर्टर एलबीए (सेक्टरांना सलग क्रमांक देण्याची पद्धत) नसलेल्या डिस्का ओळखत नाहीत, म्हणून आयडीई (त्या काळची डिस्क-जोडणी) पोर्ट असलेल्या पेंटियम मशीनवर लिनक्स चालवून डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा. पहिल्या फेरीत सहज वाचता येतं तेवढं, पुढच्या फेऱ्यांत अडलेले सेक्टर. काय वाचलं, काय राहिलं याची नोंद असलेली मॅप फाइल जपून ठेवा.

आता ‘कुठलंही कार्ड’. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड मुळातच आयडीई बोलतं, त्यामुळे त्याचा कन्व्हर्टर म्हणजे नुसती वायरिंग. एसडी कार्डाला मधे भाषांतर करणारी चिप लागते, आणि गोंधळ बहुधा तिथेच होतो. कॉम्पॅक्टफ्लॅशची 9 नंबरची पिन वीज येताना ग्राउंडला जोडलेली असेल तरच कार्ड आयडीई होतं, म्हणून चालू मशीनमध्ये ते घालू-काढू नका. केबलची लाल कड पिन 1 कडे, जंपर मास्टरवर. आणि 386 हून जुन्या पीसी-एक्सटीमधली एमएफएम डिस्क तर आयडीईच नव्हे. तिथे 8-बिट एक्सटी-आयडीई कार्ड लागतं.

‘जितकं मोठं तितकं चांगलं’ हे सर्वांत महाग पडणारं वाक्य. जुना बायोस 1024 सिलिंडर, 16 हेड आणि 63 सेक्टरपलीकडे बघत नाही. 512 ने गुणा: 52,84,82,304 बाइट, म्हणजे 504 एमबी. 32 जीबीचं कार्ड लावलं तर ऑटो-डिटेक्ट अडकतं, किंवा वाईट म्हणजे सगळं चालल्यासारखं दिसतं आणि मर्यादेपलीकडचं लिखाण गोल फिरून सुरुवातीच्या फाइल टेबलवर (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदीवर) पडतं. 1 जीबीचं कार्ड घ्या आणि 1023/16/63 भरा. जास्त जागा हवीच असेल तर नेटवर्क कार्डाच्या बूट-रॉम खोबणीत एक्सटीआयडीई युनिव्हर्सल बायोस बसवा. तरीही डॉस 6.22 मध्ये एक पार्टिशन 2 जीबीपर्यंतच.

जुनी इमेज सेक्टरवार कार्डावर ओतू नका. कार्डाची भूमिती वेगळी असते, आणि मग ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम’ येतं. त्याच मशीनवर डॉसचा एफडिस्क चालवा, त्यात पार्टिशन ॲक्टिव्ह, मग ‘एफडिस्क /एमबीआर’, मग ‘फॉरमॅट सी: /एस’. नंतर कार्ड लिनक्समध्ये लावून इमेजमधल्या फायली त्यावर उतरवा.

वेग? हेड सरकवायचं नसल्याने डिरेक्टरी पटकन उघडते, एवढं खरं. पण पीआयओ मोड 0 (जुन्या आयडीईची सर्वांत संथ पद्धत) ची कमाल 3.3 एमबी प्रतिसेकंद आहे, आणि आयएसए बसवर (386 मधल्या कार्डांच्या जोडमार्गावर) बहुधा तेवढाही मिळत नाही. बॅकअप नको म्हणणाऱ्याने विंडोज 3.1 ची स्वॅप फाइल (मेमरी अपुरी पडली की वापरायची) रोज त्याच कार्डावर लिहून ते झिजवत असते हे लक्षात घ्यावं. डॉस 6.22 च्या स्मार्टड्राइव्हचं (मजकूर आधी मेमरीत धरून ठेवणाऱ्या प्रोग्रामचं) उशिरा लिहिणं चालू असेल तर प्रॉम्प्ट परत येईपर्यंत बंद करायचं बटण दाबू नका.

राहिली भंगाराची गोष्ट. काही डॉस प्रोग्रामांचं कॉपी-रक्षण मूळ डिस्कवरच्या लपवलेल्या फाइलला बांधलेलं असायचं, ते कार्डावर चालेलच असं नाही. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिकाच्या पुडीसकट ठेवा, आणि वर कागदावर भूमिती आणि इमेज घेतल्याची तारीख लिहा. फक्त श्वासछिद्रावर तो कागद चिकटवू नका.