शेजारच्या लाईनीला टी मारून जगणारं स्वादुपिंड

किडनीला स्वतःची आर्टरी आहे. प्लीहेला आहे, यकृताला आहे. स्वादुपिंडाला मात्र आपल्या नावाची, थेट महाधमनीवरून आलेली एकही मोठी लाईन नाही. वजन जेमतेम 80 ते 100 ग्रॅम, लांबी वीतभर. दिवसाला लिटर-दीड लिटर रस गाळायचा आणि रक्त सगळं शेजाऱ्यांच्या पाइपला टी मारून घ्यायचं. कोल्हापुरात शरीररचना शिकवणाऱ्या आम्हा मास्तरांच्या कपाळी दरवर्षी हा तास येतोच.

"सर, कुठनं जायचं?" हा पहिला प्रश्न. पत्ता सांगायला आम्हाला कंटाळा नाही. छातीच्या बाराव्या मणक्यापाशी महाधमनीवरून निघणाऱ्या आखूड, जाड फांदीवर, म्हणजे सीलियाक ट्रंकवर उतरा. यकृताकडं जाणारी कॉमन हिपॅटिक आर्टरी धरून उजवीकडं जावा. तिची फांदी गॅस्ट्रोड्युओडेनल लागली की तिच्याबरोबर ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणाच्या, पहिल्या भागाच्या मागनं खाली. तिथं अँटिरियर आणि पोस्टिरियर सुपीरियर पँक्रिॲटिकोड्युओडेनल भेटतात. नाव वहीत दोन ओळी खातं, आर्टरी मात्र सुतळीपेक्षा बारीक. खालच्या अंगानं, कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी निघणाऱ्या, आतड्यांना रक्त देणाऱ्या सुपीरियर मेसेंटेरिकची इन्फीरियर पँक्रिॲटिकोड्युओडेनल वर येते, तिच्याही पुढची-मागची अशा दोन फांद्या. वरच्या आणि खालच्या एकमेकींना मिळून स्वादुपिंडाच्या डोक्याभोवती, म्हणजे ड्युओडेनमच्या कुशीतल्या जाड टोकाभोवती, दोन कमानी होतात. म्हणजे एकाच गल्लीला दोन टाक्यांचं पाणी. असं भाग्य आमच्या पेठेतल्या नळालाही नाही.

ऐकायला सोपं. डिसेक्शनच्या टेबलावर जठर वर उलटलं की समोर पिवळट, गाठीगाठीचं काहीतरी दिसतं आणि निम्मी बॅच ते चरबी समजून उचकटायला लागते. इथं स्कॅल्पेल खाली ठेवायचा आणि बोथट फोर्सेप घ्यायचा. पुढची कमान ग्रंथीतच रुतलेली असते. मागची बघायची तर ड्युओडेनमच्या बाहेरच्या कडेचं पेरिटोनियम, म्हणजे पोटातलं पातळ अस्तर, कापून ड्युओडेनम आणि डोकं डावीकडं उलटायचं. पित्तनलिकेला खेटून जाणारी जी दिसते, तीच पोस्टिरियर सुपीरियर. घाई केली तर नलिकाही हातात येते आणि आर्टरीही, दोन्ही तुटलेल्या.

स्वादुपिंडाचं धड आणि शेपटी स्प्लेनिकच्या, म्हणजे प्लीहेच्या आर्टरीच्या जिवावर. ही वरच्या कडेनं करूळ घाटासारखी वळणं घेत जाते. एक वळण वर डोकावतं, पुढचं ग्रंथीमागं बुडतं, म्हणून पोरं एकाच आर्टरीला तीन आर्टऱ्या मोजतात. मागं सरळ जाते ती व्हेन. तरी तोंडी परीक्षेत दरवर्षी कुणीतरी तिच्यावरच बोट ठेवतं. स्प्लेनिकच्या बारीक फांद्या पुष्कळ, नाव मिळालेल्या थोड्या: डॉर्सल, ग्रेट आणि शेपटीकडची कॉडल. त्यांतली डॉर्सल म्हणजे आमच्या पंचगंगेतली सरस्वती. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती डोळ्यांना दिसतात. सरस्वती आहे म्हणायचं. डॉर्सल स्वादुपिंडाच्या मानेमागं, डोकं आणि धड यांच्या सांध्यामागं दडते. बहुधा स्प्लेनिकवरून, कधी कॉमन हिपॅटिक, कधी सीलियाक, तर कधी थेट सुपीरियर मेसेंटेरिकवरून निघते. पुस्तकातलं चित्र पाठ करून आलेल्याची इथं पंचाईत.

तांबड्या रश्श्यावर उगाच आळ घेऊ नका, ड्युओडेनममधला अल्सर मुख्यतः एच. पायलोरी जंतूनं आणि पेनकिलरच्या गोळ्यांनी होतो. पण तो पहिल्या भागाच्या मागच्या भिंतीत खोल गेला की थेट गॅस्ट्रोड्युओडेनलला भोक पाडतो आणि मग रक्त आवरत नाही.

स्वादुपिंडाच्या डोक्यात कॅन्सर झाला तर निरोगी ड्युओडेनमही का काढतात, हा पेशंटच्या घरच्यांचा रास्त प्रश्न. दोघांचं पाणी त्याच कमानींवरचं. डोकं काढताना त्या जातात आणि ड्युओडेनम कोरडं पडतं. म्हणून या ऑपरेशनमध्ये, ज्याला व्हिपलचं म्हणतात, दोन्ही एकत्र निघतात.

त्यातही एक गोम आहे. काहींच्यात डायफ्रामचा, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याचा, पट्टा सीलियाकला आवळून बसलेला असतो. मग रक्त उलटं फिरतं: खालच्या टाकीचं पाणी कमानींतून, गॅस्ट्रोड्युओडेनलमधनं वर चढून यकृताला पोचतं. अशा वेळी गॅस्ट्रोड्युओडेनल कापली तर यकृताचाच नळ बंद. म्हणून सर्जन आधी तिला नुसता क्लॅम्प लावतो आणि यकृताकडं जाणाऱ्या आर्टरीवर बोट ठेवतो. ठोका लागतोय का, ते बघतो. तोवर कात्री ट्रेमध्येच.