संभावित व्यय

कोटेशन लिहिणं ही वायरिंगपेक्षा वरची कला आहे. वायर भिंतीत जाते, तिच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. कोटेशन मात्र गिऱ्हाइकाच्या फ्रिजवर चुंबकाखाली महिनोन्महिने लटकतं. तेव्हा होतकरू इलेक्ट्रिशियन बंधूंनो, पक्कड मागाहून घ्या, आधी पेन धरायला शिका. मी स्वतः या धंद्यातला नाही. पण इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचं वायरिंग नुकतंच बदलून घेतलंय, त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार मी रोख पैसे मोजून कमावला आहे.

आमच्याकडच्या मराठी घरात कोटेशन हिंदीतच द्या. त्यात जी सोय आहे ती पुण्याच्या कारागिराला जन्मात मिळायची नाही. आमच्या कागदावर सर्वात खाली लिहिलं होतं, ‘संभावित व्यय : 86,000’. हिंदीत संभावित म्हणजे ‘होऊ शकेल असा’. आईच्या मराठीत संभावित म्हणजे अब्रूदार, चारचौघांत बसवण्याजोगा. ती चष्मा सावरत म्हणाली, “खर्च तरी संभावित दिसतोय.” काम तुम्हालाच मिळालं म्हणून समजा.

मात्र लिहिण्यापूर्वी काहीही तपासू नका. चहा घ्या, छताकडे बघा, हुं म्हणा, निघा. स्विचबोर्ड उघडलात तर आतलं दिसेल, आणि दिसलं की लिहावं लागेल. आमचं घर खाली विटा-मातीचं, वर सागवानाचं. (इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, त्याच घराण्यातले आम्ही गरीब भाचे.) माडीवर अजून लाकडी पट्ट्यांवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली जुनी वायर होती, तिचं रबर बोट लावताच खारीसारखं झडत होतं. हे कोणालाही जिन्यातून दिसलं असतं. पण ते कामाच्या दुसऱ्या दिवशी ‘निघालं’ पाहिजे. या क्रियापदाचा महिमा ओळखा. खर्च तुम्ही वाढवत नाही, तो आपला आपण भिंतीतून निघतो. “काम खुला तो निकला, भिया,” एवढं म्हणून खिन्नपणे मान हलवायची. माणूस गेल्यासारखं वातावरण झालं पाहिजे. अशा वेळी कोणी भाव करत नाही.

आता पॉइंट. ‘दर पॉइंटला इतके’ असं ठसठशीत लिहावं आणि पॉइंट म्हणजे काय ते लिहू नये. बिंदूला लांबी-रुंदी नसते असं आपण भूमितीत शिकलो; वायरिंगच्या पॉइंटला मात्र वाटेल तेवढी असते, फक्त ती बिलाच्या दिवशी मोजायची. गिऱ्हाईक समजतं, पॉइंटमध्ये वायर, पाइप, बटण, डबी सगळं आलं. येऊ दे त्याच्या मनात. मजुरी पॉइंटवर, माल प्रत्यक्ष, आणि जिन्यातला दिवा खालून-वरून लागतो म्हणून तो एक दिवा दोन पॉइंट. झिरी मारणं, म्हणजे वायरीसाठी भिंतीत खाच पाडणं, पॉइंटात धरलेलं असतं. झिरी बुजवणं हे गवंडीकाम, त्याचा विजेशी काय संबंध? एसीसाठी चारची (चार चौरस मिलिमीटर जाडीची) वायर लागते हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं, तरी अडीचचा भाव लावून ठेवा आणि एसी समोर आल्यावर दचका. आमच्या एसीला पाहून आमचे कारागीर जसे दचकले, तसं कोणी चोराला पाहूनही दचकत नाही. एसी बिचारा तीन वर्षांपासून त्याच भिंतीवर आहे.

तांब्याचं फार शिकवायला नको. भाव लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर ठरतो एवढं सांगितलं की रामबागेतला माणूस निमूट होतो. 18 टक्के जीएसटीचा उल्लेख शेवटी, बारीक अक्षरात, पानाच्या घडीवर करावा.

काय करू नये तेही सांगतो. आम्ही तिघांना बोलावलं होतं, त्यांतला एक वेडा निघाला. दोन तास घरात होता. चार बोर्ड उघडले, वायरीचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारा मेगर लावला, टॉर्च तोंडात धरून डायरीत आकडे लिहिले. मग दोन पानं दिली. रीडिंग एक मेगाओमच्या खाली आलं तर ती लाइन बदलावी लागेल, तिचा दर हा. झिरी रनिंग फुटाने, बुजवणं धरून. जिन्याचा दिवा एकच पॉइंट. याउपर काही सापडलं तर काम थांबवून फोटो पाठवीन, तुमचा लेखी होकार आल्यावरच पुढे. बेरीज 1,18,000, कर धरून. काकांनी पानं उलटली, शेवटचा आकडा वाचला आणि “लुटारू आहे,” असा निकाल दिला. मीही मान डोलावली. 32,000 वाचले म्हणून आम्ही त्या संध्याकाळी सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि रबडीही खाऊन आलो. तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. जो सगळं आधी सांगतो त्याला आम्ही कामच देत नाही.

आमचं बिल 1,43,600 झालं. त्यात सर्वात मोठी रक्कम ‘अन्य’ या नावाने आहे.

अर्थिंगचं राहिलंच. वेड्याच्या कागदावर त्याला अर्धं पान होतं : नवा खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा-मीठ, वर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. आमच्या कागदावर एकच शब्द, ‘आवश्यकतानुसार’. बिलात अर्थिंगचा पैसा दिसला नाही, तेव्हा एवढं तरी वाचलं म्हणून मला बरं वाटलं होतं. परवा मेन बोर्डाचं झाकण उघडलं. घरभरातून आलेल्या अर्थिंगच्या हिरव्या वायरी आत एकत्र जमल्यात, छान वेटोळं करून, टोकांना काळी टेप गुंडाळून. तिथून पुढे कुठेच जात नाहीत. आवश्यकता अजून उद्भवलेली नसावी. आई तेवढी गीझरचा नळ सोडताना रबरी चप्पल घालते.