फूल चेंडूत मोडते काय?

५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. हे मी एका रविवारी सोफ्यावर आडवे पडून वाचले आणि लगेच नववीतल्या कन्येला वाचून दाखवले. ती समोरच्या खुर्चीत अशी विराजमान झाली होती, की दोन अंगठे सोडले तर तिचा एकही अवयव हलत नव्हता. “आमच्या लहानपणी दिवेलागणीपर्यंत लगोरी चालायची,” असे मी सुरू करताच ती म्हणाली, “बाबा, मघापासून तू पाणी मागतोयस. उठून घे ना.”

माझी पितृत्वाची शान पणाला लागल्यामुळे पुढच्या रविवारी पहाटे आम्ही पर्वतीच्या पायथ्याशी उभे होतो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत असे म्हणतात. मला निम्म्याच्या पुढचे मोजता आले नाही. मध्येच कठड्याला टेकून पुणे न्याहाळण्याचे मी जे नाटक केले, त्यावर वरून आवाज आला, “बाबा, देखावा वरून जास्त चांगला दिसतो.”

दम खाता खाता मी तिला विचारले, की सातवीपर्यंत खो-खोचे वेड होते, त्याचे काय झाले? त्यावर तिने जे सांगितले, ते मला कोणत्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट कळले. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या बाई घेतात, मैदानावर मुलांचे क्रिकेट असते आणि मुलींच्या वाट्याला नळाजवळची ओली पट्टी येते. दोघी मैत्रिणी क्लासमुळे सुटल्या, एकीच्या धावण्यावर मुले हसली म्हणून तिने सोडले, आणि खो द्यायला समोर आठजणी बसलेल्या लागतात. २०१६ सालच्या आकडेवारीनुसार जगातल्या ११ ते १७ वयाच्या मुलांपैकी ७८ टक्के आणि मुलींपैकी ८५ टक्के पुरेशी हालचाल करत नाहीत. या सात टक्क्यांच्या फरकात नळाजवळची ती ओली पट्टी कुठेतरी असणार, असा मला दाट संशय आहे.

“मग सोसायटीच्या आवारात खेळा की!” मी उदारपणे सुचवले. ती काही बोलली नाही, नुसती पाहत राहिली. आवारात फलक आहे: ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. दंड ₹ ५००. आदेशावरून, सचिव.’ सचिव मी आहे. ज्या गाडीचा आरसा फुटल्यामुळे तो फलक लागला, ती गाडीही माझीच.

सोमवारी संध्याकाळी मोबाइलवर मैत्रिणीचे दोनच शब्द आले, ‘खाली ये’, आणि माझी तासाभराची प्रवचने जिला खुर्चीतून उठवू शकली नव्हती, ती मुलगी लिफ्टचीही वाट न पाहता चार मजले उतरून गेली. जाळ्याविनाच बॅडमिंटन सुरू झाले. पाऊण तासाने तळमजल्यावरच्या काकांचा फोन आला, “सचिवसाहेब, फूल चेंडूत मोडतं काय? तातडीची सभा बोलवा, नाहीतर तो फलक तरी काढा.”

सभेची सूचना अद्याप लागलेली नाही आणि फलकही उतरलेला नाही, कारण पर्वतीपासून माझ्या पोटऱ्यांत असे गोळे आले आहेत, की खाली जाणेच जमलेले नाही.