कूलरसमोरचं तुणतुणं

पुतण्याच्या लग्नाचा गोंधळ मे महिन्यात ठरला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तुणतुणं मी बनवतो.” (‘यांचं घरात रोज वाजतंच की’ हा विनोद बायकोपासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांचा करून झालाय. तुम्ही करू नका.)

दिसायला सोपं. वीतभर लाकडी नळकांडं, खालचं तोंड कातड्याने मढवलेलं, कडेला बांबूची काठी, वर खुंटी. तार एकच, कातड्याच्या मधोमध निघून नळकांड्यातून थेट खुंटीला. सूरही एकच. चुकून चुकणार काय?

आंब्याचे 2 ओंडके पटाशीखाली उभे चिरले, तिसरा टिकला. ढोलकी मढवणाऱ्याकडून बकऱ्याचं कातडं आणलं, रात्रभर भिजवलं, ताणून बसवलं. जळगावच्या उन्हात त्याचा पापड झाला. तार पिळली तर ती गाठीसकट कातडं फाडून वर! खालून अडसर लागतो, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या कातड्याला शर्टाचं बटण लावलं. तो शर्ट लग्नात घालायचा होता, हे बायकोने नंतर सांगितलं.

44 अंशांत अंगणात बसून खुंटी पिळली आणि... टुंग! डोळ्यांत पाणी आलं, बरंचसं घामाचं. पळत घरात गेलो, सगळ्यांना कूलरसमोर बसवलं, तार छेडली.

ढब.

“हाई काय शे?” आईने विचारलं.

कूलरच्या ओल्या हवेने कातडं सैल पडतं. पुढचे 4 दिवस मी कूलर बंद करायचो, कुणीतरी येऊन चालू करायचं. मे महिन्यात कूलरच्या बटणाला हात लावणाऱ्या जावयाचाही इथे मुलाहिजा ठेवत नाहीत; मी तर घरचाच.

गोंधळाच्या रात्री मंडपात भाड्याचे 3 ढाऊस कूलर. संबळ कडाडला, तुणतुण्याने ‘ढब’ अशी साथ दिली. म्होरक्या गोंधळ्याने न बोलता ते उलटं करून दिवटीच्या धगीवर फिरवलं, बटणाकडे बघून जरा थबकला आणि तार छेडली. टुंग! मी कॉलर ताठ करायला गेलो, तर तिथलं बटण तुणतुण्यात.

पहिलं पद संपता संपता परत ढब. त्याने पिशवीतून स्वतःचं तुणतुणं काढलं, माझं माझ्या हाती दिलं.

“भाऊ, तुम्ही दिवटीपाशी बसून हे शेकत ऱ्हा. माझं उतरलं की घेतो.”

पहाटेपर्यंत त्याचं उतरलं नाही.