साताऱ्याची गादी ‘नुसती नावाची’ नव्हती

‘पेशवे आले आणि छत्रपती नावापुरते उरले, पेशव्याला नेमणुकीची मानाची वस्त्रं देणं हा निव्वळ सोपस्कार होता, १८१८ ला पेशवाईबरोबर गादीही संपली,’ असा मजकूर मोबाइलवर सारखा फिरतो. खुद्द साताऱ्यात लोक तो खरा मानून पुढे पाठवतात, याचं वाईट वाटतं.

बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले १७१३ मध्ये. त्यानंतर थोरले शाहू महाराज १७४९ पर्यंत गादीवर होते आणि शेवटचा शब्द त्यांचा होता. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजी नाईकांचं नाव लावून धरलं. महाराजांनी नानासाहेबांना नेमलं. १७४३ मध्ये बंगालवरून रघूजी आणि नानासाहेब यांच्यात जुंपली, तेव्हा मुलूख वाटून देऊन तंटा महाराजांनीच मिटवला. पदरी फौजा बाळगणाऱ्या दोन्ही सरदारांनी तो निवाडा मानला.

१७५० नंतर मात्र कारभार पुण्याला गेला, हे खरंच आहे. सांगोल्याच्या करारात शाहू महाराजांनंतर गादीवर आलेल्या रामराजांनी अधिकार पेशव्यांकडे सोपवले, आणि पुढे ताराराणींनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं.

पण वस्त्रांना सोपस्कार म्हणणाऱ्यांनी १७७३-७४ ही दोन वर्षं बघावीत. नारायणरावांच्या खुनानंतर शनिवारवाडा राघोबादादांच्या हातात होता, तरी पेशवेपदाची वस्त्रं त्यांना साताऱ्याहूनच घ्यावी लागली. बारभाईंनी, म्हणजे राघोबादादांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, सवाई माधवरावांना उभं केलं, तेव्हा अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळासाठीही वस्त्रं साताऱ्याहूनच आणली. तलवार कुणाचीही असो, पेशवा ठरायचा तो छत्रपतींच्या नावाने. पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी राजाचं नाव, मग ‘मुख्य प्रधान’.

इंग्रजांनीही हे नेमकं ओळखलं होतं. दुसऱ्या बाजीरावाने पळताना छत्रपती प्रतापसिंह महाराजांना छावणीत सोबत ठेवलं होतं, आणि इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यात छत्रपतींना राज्य देण्याचं वचन दिलं. ज्या नावाला किंमत नाही, त्यासाठी दोन्ही बाजू एवढा आटापिटा कशाला करतील?

गादी तर १८१८ ला संपलीच नाही. आष्टीच्या लढाईत ते बाजीरावाच्या छावणीतून इंग्रजांच्या हाती आले, आणि त्यानंतर प्रतापसिंह पुन्हा साताऱ्यात बसले. १८२२ पासून कारभार त्यांच्या हाती आला. कंपनीविरुद्ध कट केल्याच्या आरोपाची कबुली लिहून द्या, गादी राहील, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीला गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षं झगडले. संस्थान खालसा झालं ते १८४८ मध्ये, प्रतापसिंहांच्या जागी गादीवर आलेले त्यांचे भाऊ शहाजी महाराज यांचं दत्तकविधान गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केलं तेव्हा.