कोणी काय लिहिलं, ते दिसतं

मायदेशी शिक्षक असलेल्या माझ्या मित्राचा दर फोनला एकच हेका असतो: संगणकावर गटाने अभ्यास म्हणजे एकाने लिहायचं आणि चौघांनी गुण खायचे. मला याचा मनापासून राग येतो. कागदावरच्या गटप्रकल्पात कोणी अंग चोरलं, हे शिक्षकाला कधी कळत होतं? गूगल डॉक्समध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन पानावर, निदान कोणी काय लिहिलं, काय खोडलं, ते सगळं मागे जाऊन पाहता येतं.

मी राहतो त्या टोरांटोत मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर या शिक्षणसंशोधकांनी १९८०च्या दशकातच मुलांच्या टिपा एकमेकींना जोडणारी संगणकप्रणाली उभी केली. पुढे ती ‘नॉलेज फोरम’ झाली. टीप लिहिताना मूल ‘माझा सिद्धांत’ किंवा ‘मला समजून घ्यायचंय’ अशी सुरुवात निवडतं. अर्धवट विचारही तिथे टिकतो, दुसरं मूल तो पुढे नेतं. आपल्याकडे अर्धवट उत्तराला लाल रेघ.

“तुझ्याकडे वर्गात मुलं किती, माझ्याकडे किती!” मित्राचं ठरलेलं उत्तर. पण हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१मध्ये भरगच्च व्याख्यानवर्गातच ही रीत सुरू केली: प्रश्न, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. २००९मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात तर गटातल्या कोणालाच आधी बरोबर उत्तर येत नसतानाही चर्चेनंतर उत्तरं सुधारलेली दिसली. यात फुकटचे गुण खाणं कुठे आलं? आणि उपकरणांचं म्हणाल, तर प्लिकर्स या वर्गातली उत्तरं गोळा करायच्या अ‍ॅपमध्ये मुलांच्या हाती छापील कार्डं असतात, फोन लागतो तो एकट्या शिक्षकाला.

इथे शिकायला आलो तेव्हा वर्गात माझं तोंड उघडत नसे. मनातल्या मनात वाक्य जुळेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असायची. संगणकावरच्या सामायिक पानावर मात्र मी लिहू शकत होतो. माझ्या एका टिपेखाली तिघांनी प्रश्न विचारले, तेव्हा पहिल्यांदा मला आपण या वर्गातले आहोत असं वाटलं.

मित्राला वाटतं, मी तिकडचं सगळं मोडीत काढतो. माझ्या मुलांच्या इथल्या शाळेत पालकसभेला मी मुकाट बसतो. चांगलं-वाईट काही बोलत नाही. भांडतो तो फक्त त्याच्या वर्गावरून.